काकडीचा आवाज

हे तुमची आई तुम्हा दोघांना मोठ्यानं वाचून दाखवील. तुम्हाला मराठी ऐकून कळतं पण वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी वाक्यं लहान ठेवते आहे. जिथं अडेल तिथं आईला थांबवा आणि विचारा. यातलं बरंचसं तिच्यासमोरच घडलेलं आहे.

आधी डब्याबद्दल सांगते. तो तुम्ही फोनवर पाहिला आहे. स्टीलचा, उभट, झाकणाला एका बाजूनं पोचा आलेला. तो तुमच्या आजोबांचा जेवणाचा डबा. आजोबा जबलपूरजवळ खमरियाला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला होते आणि आम्ही फॅक्टरीच्याच क्वार्टरमध्ये राहत होतो. सकाळी भोंगा झाला की सगळी वसाहत सायकलींवर बसून निघायची, आणि संध्याकाळी भोंगा झाला की तीच वसाहत परत यायची. फॅक्टरीच्या गेटवर प्रत्येकाला डबा उघडून दाखवावा लागे, जाताना आणि येतानाही, मग आत फक्त चमचा का असेना. आजोबा घरी येईपर्यंत तो चमचा रिकाम्या डब्यात वाजत असायचा. तुमची आई तो आवाज कोपऱ्यावरूनच ओळखायची आणि दार उघडून ठेवायची.

भाद्रपदाची पौर्णिमा आली की तो डबा संध्याकाळी घासून, पुसून, कोरडा करून मी वेगळ्या कामाला घ्यायची. त्या दिवशी घरात भुलाबाई बसायच्या. भुलाबाई म्हणजे पार्वती, महिनाभर माहेरी राहायला आलेली, आणि तिच्यामागून आलेले तिचे भुलोजी. माझ्या सासूबाई अमरावतीकडच्या. हा सण त्यांनी आपल्यासोबत जबलपूरला आणला. मूर्ती इथं कुठून मिळणार? आजोबा शहरातल्या गढा भागातल्या एका कुंभाराकडे गेले. त्याला भुलाबाई काही कळेना. शेवटी तो म्हणाला, गौरा-शंकर चाहिए न, चलो, बना देंगे. त्यानं बनवले ते गौरा-शंकर आमचे भुलाबाई-भुलोजी झाले. ते अजून माझ्या कपाटात आहेत.

रोज संध्याकाळी मुली जमत, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत. मी सिविल लाइन्समधल्या इंग्रजी शाळेत शिकलेली, मला त्यातलं एकही गाणं पाठ नव्हतं. गाण्यांचं खातं सासूबाईंकडे होतं. माझ्याकडे आलं डब्याचं. गाणी संपली की खिरापत वाटायची, म्हणजे खाऊ. पण तो सहज हातात पडत नाही. तो बंद डब्यात असतो. घरची बाई डबा वाजवते आणि मुलींनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण निघत नाही. त्यांनी विचारायचं, गोड की तिखट, भाजलेलं की तळलेलं, आणि कान द्यायचा. एवढाच खेळ.

मुलांना वाढवण्याविषयीची इंग्रजी पुस्तकं मी तेव्हा वाचत असे. त्यांत रंगीत ठोकळे, चित्रांच्या पट्ट्या आणि लाकडी कोडी असत. त्यातलं खमरियाच्या बाजारात काहीच मिळत नसे, आणि मिळालं असतं तरी आम्ही घेतलं नसतं. पण त्या पुस्तकांत एक गोष्ट परत परत लिहिलेली होती, की लहान मुलाला लक्ष देऊन ऐकायला शिकवा. मला वाटलं, हे तर आपल्या डब्यात आहे. म्हणून मी तो खेळ भुलाबाईंच्या महिन्यापुरता ठेवलाच नाही. तुमची आई चार-पाच वर्षांची असल्यापासून आम्ही दोघी दुपारी बसायचो. ती डोळे मिटायची, मी डबा वाजवायची. तांदूळ सरसरतात. हरभरे खडखडतात. मुरमुरे सळसळतात. बत्तासे टकटकतात, पण जरा घाबरून, फुटायला नको म्हणून. हे तिचं म्हणणं होतं, माझं नाही. मग ती डबा भरायची आणि मी डोळे मिटायची.

रविवारी आम्ही तिघं बसनं ग्वारीघाटला जायचो. नर्मदेच्या काठावर ती गोटे वेचायची, पण दिसायला सुंदर असलेले नाहीत. एकेक गोटा डब्यात टाकून वाजवून बघायची आणि ज्याचा आवाज आवडेल तोच घरी आणायची. नावाडी बघून हसायचे. बसमध्ये ती आजोबांच्या मांडीवर डोळे मिटून बसायची आणि आवाजावरून सांगायची, आता पूल आला, आता बाजार आला, आता आपली वसाहत आली. वसाहतीत शिरलं की झाडांमुळे सगळं एकदम शांत व्हायचं, त्यामुळे शेवटचं ती कधी चुकली नाही.

तुमचे आजोबा या खेळात सर्वांत कच्चे होते. म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. ते कामावरून आले, हातपाय धुतले, की मुलींच्या मागं खुर्ची टाकून बसायचे. मी डबा वाजवायची. मुली कान टवकारायच्या. आणि आजोबा मागून म्हणायचे, "काकडी."

हरभरे वाजत असले तरी काकडी. चिवडा असला तरी काकडी. मुली लोळायच्या हसून. तुमची आई मात्र चिडायची. आपले बाबा सगळ्यांसमोर हरतात, हे तिला बघवत नसे. एकदा तिनं त्यांना सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही रोज काकडीच काहून म्हणता?"

"अच्छा, तर मग काय म्हणू?" ते म्हणाले. "फॅक्टरीच्या गेटवर डबा उघडल्याशिवाय सोडत नाहीत, आणि घरी आलो तर उघडू देत नाहीत. मी आपला अंदाज करून राहिलो."

मग तिनं काय केलं, ते ऐका. कोजागिरीच्या आधी एक-दोन दिवस असतील. तिनं मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. डबा आज ती भरणार होती. संध्याकाळी गाणी झाली. डबा तिनंच वाजवला. आतून काही आवाज आला नाही, नुसतं काहीतरी मऊ सरकल्यासारखं झालं. मुली गोंधळल्या. गोड? नाही. तिखट? नाही. भाजलेलं? नाही. तळलेलं? नाही. ती बाबांकडे बघत होती. तिचे डोळे असे काही चमकत होते की मला वाटलं, आता ती स्वतःच सांगून टाकते. बाबांना एकदाचं जिंकवायचं म्हणून तिनं डब्यात काकडी चिरून भरली होती. ओट्यावरची सालं मी पाहिली होती.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. कान पुढे करून परत एकदा वाजवायला लावला. आणि म्हणाले, "लाडू."

तिचा चेहरा पडला. तिनं झाकण काढलं, काकडी वाटली, आणि पाय आपटत आत निघून गेली. मी जेवताना त्यांना म्हटलं, एवढं लेकरानं केलं आणि तुम्हाला एकदा काकडी म्हणता आलं नाही? ते हसले. म्हणाले, "काकडी म्हटलं असतं तर ती उद्या कशाला डबा भरती?"

दुसऱ्या दिवशी डबा तिनंच भरला. त्यात फुटाणे होते. आजोबा म्हणाले, काकडी. आणि ती त्यांच्यावर रागवायची विसरली.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण आता येतं.

आजोबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. क्वार्टर तर त्याच्या कितीतरी आधी सुटलं. मी गढ्यात राहते, लहानशा घरात, खाली दुकानं, वर मी. तुम्ही हॉलंडला. तुमची शाळा सुटते तेव्हा माझ्याकडे दिवेलागण होते, म्हणून ती वेळ आपण फोनसाठी ठरवली. मी पाच मिनिटं आधीच खुर्ची ओढून, चष्मा पुसून बसते. पण तुम्ही यायचात ते आईनं खांद्याला धरून आणल्यावर. तुझा धाकटा भाऊ तोंड दाखवून पळायचा. तू थोरली, तू बसायचीस, आणि मी विचारायची, शाळा कशी होती. बरी. काय खाल्लंस? ब्रेड. तिकडे पाऊस आहे का? हो. तुझी नजर कुठेतरी बाजूला. पाठीमागून आईचा आवाज, आजीशी बोल ना गं नीट.

मला राग नव्हता आला. नऊ वर्षांच्या मुलीनं पावसाबद्दल किती बोलायचं? मला फक्त एवढंच हवं होतं, की एकदा तरी तू आपणहून यावंस. कुणी ढकलल्याशिवाय. बाकी काही मागणं नव्हतं, आणि हे एक कुणाजवळ मागता येण्यासारखं नव्हतं.

यंदा भाद्रपदाच्या पौर्णिमेला मी कपाटातून गौरा-शंकर काढले. बसवल्यावर घर इतकं चूप वाटलं की मी माळ्यावरून डबाही उतरवला. घासला, वाळवला, आणि त्यात वाळलेले वाटाणे भरले. फोन लागला तेव्हा तुला सांगितलं, हा आजोबांचा डबा, गोड की तिखट असं विचारत यात काय आहे ते ओळख. आणि वाजवला.

तू बघत राहिलीस. मग म्हणालीस, "काहीच नाही."

मी म्हटलं, नीट ऐक. जोरात वाजवला. तू म्हणालीस, "आजी, काहीच नाही येत." तुझ्या भावानं मध्येच मान घातली, माझा हालणारा हात पाहिला, हसला आणि तुला ओढून घेऊन गेला. आई म्हणाली, होमवर्क आहे गं तिचा. मी म्हटलं, असू दे.

मला वाटलं, तुझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फुटाणे भरले, त्यांचा आवाज मोठा असतो. तेव्हाही तेच. मी डबा फोनच्या इतका जवळ नेला की तुला फक्त पोचा दिसला असेल. तू म्हणालीस, डबा रिकामा आहे का? मी म्हटलं, हो, रिकामाच आहे. आणि शाळेचं विचारलं.

तिसऱ्या दिवशी तुझ्या आईनं मला एकटीनं फोन केला. ती म्हणाली, "आई, तिला खरंच ऐकू येत नाही. मी तिच्या शेजारी बसून होती, मलाही नाही आलं. हा फोन असे आवाज गाळतो. त्याला वाटतं ही मागची कटकट आहे. माणसाचं बोलणं तेवढं तो पुढे सोडतो."

मी तिला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, नेहमीच.

फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले. खाली भाजीच्या गाडीची चाकं खडबडत गेली. शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देत होता. मंदिरात घंटा वाजत होती, पंख्याची एक पाती नेहमीसारखी किरकिरत होती. इतकी वर्षं मी रोज या सगळ्यात बसून तुमच्याशी बोलले आणि मला वाटत होतं की हे सगळं तुमच्याकडे पोचतं आहे. तुम्हाला माझं घर दिसत होतं, पण तुम्ही ते ऐकलं नव्हतं. आणि मी तुमचं ऐकलं नव्हतं. तुमच्या खिडकीवर पाऊस कसा वाजतो, हे मला माहीत नाही. तुमच्या जिन्याच्या लाकडी पायऱ्या तू उतरताना वाजत असतील. तुझा भाऊ किती आवाज करून जेवतो, हे आई तक्रार करते म्हणून कळतं.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी मी डबा वाजवला आणि आवाज तोंडानं काढला. बोलणं तेवढं जातं ना, मग बोलूनच पाठवायचं. डबा हलवायचा आणि त्याच ठेक्यात म्हणायचं, खड-खड-खड, खड-खड-खड. तू आधी दचकलीस. मग हसलीस. तुझा भाऊ धावत आला आणि त्याला वाटलं आजी म्हणते ते गाणंच आहे, तो खड-खड-खड करत खोलीभर फिरला.

"गोड?" तू विचारलंस. मी सांगितलेलं तुझ्या लक्षात होतं.

"नाही."

"मग ते. छोटे. आई पोह्यात टाकते ते."

"त्यांना काय म्हणतात?"

तू आईकडे पाहिलंस. आई मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. तू बराच वेळ विचार केलास आणि म्हणालीस, "शेंगदाणे." मी झाकण काढून दाखवलं. ओळखल्याबद्दलची खिरापत मात्र मलाच खावी लागली, आणि शेंगदाणे आता माझ्या दातांना पेलत नाहीत.

असा तो महिना गेला. खाली कोपऱ्यावर चणे-फुटाणे भाजणारा भैया बसतो. रोज मूठमूठभर काय नेता, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, नातिन को सुनाती हूँ. चना सुनाती हो, माताजी? तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून तो पुडी बांधण्याआधी माझ्या कानाशी हलवून दाखवू लागला. तूही डबा भरू लागलीस, बिस्किटांचा टिनचा डबा. तुम्ही ब्रेडवर जे बारीक चॉकलेटचे दाणे पसरता, ते तू भरलेस आणि तोंडानं शऽऽ असा आवाज काढलास. मी म्हटलं रवा, मग साखर, मग खसखस. खसखस म्हणजे काय हे तुला सांगण्यातच तो दिवस गेला.

पण खरं सांगते, तरीही तुला बोलवायची आईच. एक दिवस तुला कुणाच्या वाढदिवसाला जायचं होतं आणि फोन आला नाही. मी मुरमुरे भरून बसले होते. उघड्या खिडकीच्या हवेनं डब्यात भरण्याआधीच ते जरा सादळले होते, ते सळसळलेही नसते. मी ते फोडणीला टाकले.

मग कोजागिरी आली. आज भुलाबाई जाणार. मी दुधाला केशर लावून ठेवलं, गौरा-शंकरापुढे दिवा लावला आणि खुर्ची ओढायला गेले, तोच फोन वाजला. आपली वेळ व्हायची होती. मला वाटलं, आईला काही काम असेल, म्हणून तिनं आधी लावला. उचलला तर समोर तू. फोन तिरका, तुझं अर्धं कपाळ. मी विचारलं, आई कुठे आहे? तू म्हणालीस, वर आहे, मी लावला.

मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

तू बिस्किटांचा डबा धरलास आणि वाजवलास. तोंडानं आवाज काढला नाहीस. मी म्हटलं, अगं, मला काही ऐकू येत नाही.

"माहितीये," तू म्हणालीस. "तरी ओळख."

तोवर आई जिना उतरून आली. ती तुझ्या मागं दारातच थांबली. तिनं तुला आजोबांच्या काकडीची गोष्ट सांगितली होती हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तुझा भाऊ टेबलाशी उभा होता, त्याचं तोंड भरलेलं होतं आणि हनुवटीला एक पांढरी बी चिकटली होती. त्याच्या मागं चिरायच्या फळीवर हिरवी सालं पडली होती, जाड, कुठं कमी कुठं जास्त सोललेली. सुरी आईनं दिली असेल की तू विचारल्याशिवाय घेतलीस, ते मला माहीत नाही.

"गोड?" मी विचारलं.

"नाही."

"तळलेलं?"

"नाही." तुझे डोळे. ते मी आधी कुठं पाहिले होते, हे तुझ्या आईला विचार.

मी खूप वेळ घेतला. फोन कानाशी लावला, परत समोर धरला, परत वाजवायला सांगितलं. तू वाजवलास. खाली गढ्याच्या रस्त्यावर नेहमीची वर्दळ चालू होती, तुमच्याकडे त्यातलं काही जात नव्हतं, आणि तुमच्याकडून माझ्याकडे फक्त तुझा श्वास येत होता. तेवढा फोननं गाळला नाही.

"लाडू," मी म्हटलं.

मागं तुझ्या आईनं तोंडावर हात धरला. तू मात्र पाय आपटले नाहीस. तू झाकण काढलंस, काकडीची एक जाड चकती उचलून फोनला लावलीस, माझा सगळा पडदा हिरवा झाला, आणि त्या हिरव्यातून तुझा आवाज आला की चूक, एकदम चूक.

मी म्हटलं, हरले बाई. आज कोजागिरी, भुलाबाई आता निघाल्या. आता पुढच्या वर्षी.

"का?" तू म्हणालीस. "डबा तर आहे. उद्या मी लावते."